लोटगाडीवाला महापौर: बाहेरून आलेला माणूस शहराचा कधी होतो?

निवृत्त_मास्तर

मंडळी, नमस्कार. मी यावल तालुक्यातला. सध्या मुलाकडे शिकागोला सहा महिन्यांच्या मुक्कामाला आलोय. इथल्या रेड लाइन नावाच्या लोकलवर एक स्टेशन लागतं, 'सर्मॅक–चायनाटाउन'. चायनाटाउन समजलं, पण सर्मॅक काय ते कळेना. मुलाला विचारलं तर म्हणे, "रस्त्याचं नाव आहे, बाबा." नऊ वर्षं राहतोय इथे आणि माहिती एवढीच. मी मास्तर पडलो, मला चैन पडेना. घराजवळच्या लायब्ररीत आठवडाभर बसलो आणि जे सापडलं ते असं:

अँटन सर्मॅक. जन्म १८७३, क्लाड्नो गावी. आज ते चेक देशात आहे, तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीत होतं. वर्षाचा असताना आईबापांबरोबर अमेरिकेत आला. बाप कोळशाच्या खाणीत, पोरगाही शाळा सोडून खाणीत. पुढे शिकागोला आला. तेव्हा ट्राम घोडे ओढायचे. त्या घोड्यांच्या मागेपुढे करायचं काम मिळालं, मग तबेल्यात. पैसे साठवून स्वतःचा घोडा आणि गाडी घेतली आणि जळाऊ लाकडं विकायला लागला. १९०२ मध्ये राज्याच्या विधानसभेत गेला, नंतर नगरसेवक, १९२२ मध्ये कुक काउंटीच्या बोर्डाचा अध्यक्ष (आपल्या झेडपी अध्यक्षासारखं समजा, पण पैसा खूप जास्त), आणि १९३१ मध्ये महापौर.

समोर होता बिग बिल थॉम्पसन, तीन वेळा महापौर झालेला गडी. त्याने प्रचारात सर्मॅकच्या नावाची टिंगल केली. असलं नाव आणि लोटगाडीवाला, हा आपल्या शहराचा महापौर शोभेल का, असा एकूण सूर. सर्मॅकचं उत्तर इथे अजून सांगतात: मी मेफ्लॉवर जहाजातून आलो नाही हे खरं, पण जमलं तितक्या लवकर आलो. (मेफ्लॉवर म्हणजे १६२० सालचं जहाज. त्यातून आलेल्यांचे वंशज स्वतःला अस्सल समजतात. आपल्याकडे 'आम्ही मूळचे वतनदार' म्हणणारे असतात, तसलेच.) जवळपास दोन लाख मतांनी निवडून आला.

प्रश्न दोन. एक, आपल्या जळगाव-धुळे-भुसावळला असं कधी होईल का? आणि आपली जी माणसं बाहेर गेली, त्यांच्यातलं कोणी तिथलं महापौर होईल का? दुसरा प्रश्न साधा. या नावाचा खरा उच्चार काय? गाडीतला आवाज 'सर्मॅक' म्हणतो, पण मला ते पटत नाही.

भरीत_भाकर

पहिला! मास्तर, तिकडे भरताची वांगी मिळतात का? बाकीचं वाचून मग लिहितो.

धुळेकर_भो

वाचीसन मजा वनी, मास्तर. पण एक शंका. घोडागाडी होती म्हणता, मग लोटगाडी कुठून आली? म्हणजे थॉम्पसनला टोमणासुद्धा नीट मारता येत नव्हता.

निवृत्त_मास्तर

@धुळेकर_भो, बरोबर पकडलंत. मीही दोनदा वाचलं. गाडी घोड्याचीच होती, पण टोमण्यात 'पुशकार्ट' आहे, म्हणजे आपली लोटगाडी. घोडा घेण्याइतपत ऐपत आली होती हे विरोधकाला मान्य नसावं.

@भरीत_भाकर, मिळतात, पण जांभळी, चकचकीत आणि बेचव. बामणोदचं वांगं ते बामणोदचं.

तापीकाठचा

पहिल्या प्रश्नातल्या दुसऱ्या भागावर, बाहेर गेलेल्या आपल्या माणसांवर, लिहायला हात शिवशिवतोय. मी सुरतला, उधन्यात. वडील १९७८ मध्ये पारोळ्याहून आले, लूमवर लागले. खान्देशातला माणूस सुरतला का जातो तर तापी तिकडे जाते म्हणून, असं आमचे वडील म्हणायचे. विनोद सोडा, पण भुसावळहून निघालेली रेल्वेची लाइन तापीच्या काठाकाठाने थेट सुरतेला जाते. एका रात्रीत पोचता येतं. जमीन कोरडवाहू, दोन भाऊ, एकाने शेती करायची आणि एकाने 'सुरत धरायची'. हा वाक्प्रचारच आहे आमच्याकडे.

आज लिंबायत, डिंडोली, गोडादरा, पांडेसरा, उधना इथे फिरलात तर गुजरातीपेक्षा अहिराणी जास्त कानावर पडते. कानबाईच्या रोटांच्या सणाला अख्ख्या गल्ल्या बंद असतात. नगरसेवक आपले आहेत, पहिल्यापासून आहेत. आणि वरचं उदाहरण हवं असेल तर सी. आर. पाटील. मुक्ताईनगर तालुक्यातल्या पिंप्री अकराऊतचे. सुरतला आयटीआय केलं, गुजरात पोलिसात शिपाई होते, २००९ पासून नवसारीचे खासदार, गुजरात भाजपचे अध्यक्ष झाले, आता केंद्रात जलशक्ती मंत्री. महापौरकीपेक्षा मोठंच झालं की हे.

शंकासुर

कुणाला दुखवायचं नाही, पण मला एक खटकतंय. वर्षाचं बाळ असताना आलेल्याला स्थलांतरित कसलं म्हणायचं? त्याला क्लाड्नो आठवत तरी असेल का? शाळा इथली, भाषा इथली, मित्र इथले. खरा स्थलांतरित तो, जो मिसरूड फुटल्यावर पेटी घेऊन उतरतो. त्याचा उच्चार आयुष्यभर सुटत नाही. असा कोणी महापौर झाला असेल तर सांगा.

हडसनपार

@शंकासुर, घ्या, सांगतो. मूळ चोपड्याचा, आता न्यूजर्सीत, नदीपलीकडे न्यूयॉर्क.

विल्यम ओड्वायर. आयर्लंडमधल्या मेयो परगण्यातला, जन्म १८९०. घरच्यांनी स्पेनमध्ये सालामांका इथे पाद्री व्हायला पाठवला होता. तो तिथून निघाला तो थेट १९१० मध्ये न्यूयॉर्कला. वीस वर्षांचा, खिशात थोडे डॉलर. अंगमेहनतीची मिळतील ती कामं केली. १९१७ मध्ये पोलीस शिपाई झाला. नोकरी करत रात्री कायदा शिकला, वकील, न्यायाधीश, ब्रुकलिनचा सरकारी वकील, आणि १९४६ मध्ये न्यूयॉर्कचा महापौर. म्हणजे पेटी घेऊन उतरलेलाच. (आणि सुरतकरांच्या उदाहरणासारखाच, सुरुवात पोलीस शिपायापासून.)

शेवट मात्र फार चांगला नाही. दुसऱ्यांदा निवडून आला आणि पोलीस खात्यातल्या लाचखोरीचं प्रकरण तापलं तसा १९५० मध्ये राजीनामा देऊन मेक्सिकोला राजदूत म्हणून गेला. गंमत म्हणजे त्याच्या जागी आलेला इम्पेलिटेरी, तो सिसिलीत जन्मलेला. आणि पुढे १९७४ मध्ये आलेला एब बीम लंडनमध्ये जन्मलेला. म्हणजे न्यूयॉर्कला हे नवं नाही.

आता जानेवारी २०२६ पासून झोहरान ममदानी. जन्म कंपाला, युगांडा, १९९१. आई चित्रपट दिग्दर्शक मीरा नायर, वडील महमूद ममदानी, जे स्वतः मुंबईत जन्मले आणि युगांडात वाढले. सातव्या वर्षी न्यूयॉर्कला आला, नागरिकत्व मिळालं २०१८ मध्ये. म्हणजे नागरिक झाल्यावर आठ वर्षांच्या आत महापौर.

उगाच_कोणीतरी

आला ममदानी. मी चहा ठेवतो, कोणी शेव आणा.

कुजकट_कावळा

याच्यात कसली लोटगाडी? आई दिग्दर्शक, बाप प्रोफेसर. खाण नाही, तबेला नाही. मास्तरांच्या गड्याशी तुलनाच चुकीची.

हडसनपार

@कुजकट_कावळा, मान्य. गरिबीतून वर आलेला नाही, तसं तोही म्हणत नाही. पण निवडणूक मी डोळ्यांनी पाहिली आहे म्हणून दोन गोष्टी सांगतो. राजकारणाच्या आधी तो घरावर जप्तीची वेळ आलेल्या लोकांना सल्ला द्यायचं काम करायचा. २०२० मध्ये राज्याच्या विधानसभेवर क्वीन्समधल्या अस्टोरियातून. २०२१ मध्ये टॅक्सीवाल्यांबरोबर पंधरा दिवस उपोषण. तिथे टॅक्सी चालवायचं एक परमिट असतं, मेडॅलियन. ते एके काळी दहा लाख डॉलरच्या वर गेलं होतं. ड्रायव्हरांनी कर्ज काढून घेतलं आणि मग उबर आल्यावर भाव कोसळला, कर्ज मात्र तसंच. आपल्याकडे कापूस पडल्यावर सोसायटीचं कर्ज उरतं, सेम. उपोषणानंतर कर्जमाफीचा मोठा तोडगा निघाला. माझ्या ओळखीचे एक पंजाबी काका टॅक्सी चालवतात. ते म्हणाले, "त्या दिवसापासून मत त्याचंच."

जून २०२५ मध्ये पक्षांतर्गत निवडणुकीत माजी गव्हर्नर कुओमोला हरवलं. तिथे पसंतीक्रमाने मत देतात, पहिली पसंती, दुसरी पसंती. ते समजावायला याने हिंदी-उर्दूत व्हिडिओ केला आणि मँगो लस्सीचे ग्लास मांडून दाखवलं. नोव्हेंबरात वीस लाखांवर मतदान झालं, १९६९ नंतर इतकं कधी झालं नव्हतं. त्यातली निम्म्याहून थोडी जास्त मतं याला.

कायदेकानून

धाग्याच्या मूळ प्रश्नाकडे. 'महापौर' या शब्दाने आपण फसतोय. तिकडचा मेयर आणि आपला महापौर यांच्यात नाव सोडून फार थोडं सारखं आहे.

न्यूयॉर्कच्या मेयरच्या हातात वर्षाला ११,००० कोटी डॉलरच्या वरचं बजेट. पोलीस आयुक्त तो नेमतो. शाळा त्याच्याकडे. लोक थेट त्याला निवडतात. आपल्याकडे महापालिकेचा कारभार आयुक्त चालवतो आणि आयुक्त राज्य सरकार पाठवतं. महापौर सभा चालवतो, पाहुण्यांना शाल देतो. त्याला जनता निवडत नाही, नगरसेवक निवडतात, तेही अडीच वर्षांसाठी, आणि आरक्षण चिठ्ठीवर. म्हणजे तुमचा कोणी सर्मॅक जळगावात तयार झालाच तरी चिठ्ठीत त्याचा प्रवर्ग निघायला हवा. त्यापेक्षा नगरपालिका बरी, तिथे नगराध्यक्ष थेट लोकांतून येतो. सर्मॅक व्हायचं असेल तर भुसावळ, अमळनेर, चोपडा.

एक गंमत: अमेरिकेत बाहेर जन्मलेला माणूस मेयर, गव्हर्नर, काहीही होऊ शकतो, राष्ट्राध्यक्ष मात्र नाही. त्याला जन्माने नागरिक असावं लागतं. आपल्या घटनेत तशी अट नाही. भारताचा नागरिक एवढंच पुरेसं. या बाबतीत आपली घटना जास्त मोकळी आहे. आणि शहर बदललेल्याला तर काहीच अडचण नाही, मतदार यादीत नाव आलं की उभं राहा.

सुरतवाली

@कायदेकानून, दादा, 'यादीत नाव आलं की' हे तुम्ही एका ओळीत लिहिलंत. आमची त्यात सहा वर्षं गेली.

माझं माहेर एरंडोल, लग्न करून सुरतला. भाड्याची खोली. घरमालक भाडेकरार करून देईना. करार नाही म्हणून पत्त्याचा पुरावा नाही, पुरावा नाही म्हणून नाव नाही. दर निवडणुकीला सासरे गावाकडे मत द्यायला जायचे. का? तर गावाकडे नाव होतं आणि उमेदवार गाडी पाठवायचा. सुरतमधून भरभरून गाड्या निघायच्या. तीस वर्षं सुरतला राहून मत खान्देशात. मग सुरतचा कुठला नगरसेवक तुमच्या गल्लीची गटार बघेल?

ज्या वर्षी आमच्या गल्लीतल्या बायांनी ठरवलं की आता मत इथेच टाकायचं, त्या वर्षीपासून पाण्याचा टँकर वेळेवर यायला लागला. मी भाषण करत नाहीये, टँकरचा नंबर अजून पाठ आहे मला.

तापीकाठचा

@सुरतवाली, ताई, शंभर टक्के. आमच्याकडे हेच. आबा शेवटपर्यंत पारोळ्यालाच मत द्यायचे. म्हणायचे, "मरसू तं गावमाच." वारले सुरतच्या सिव्हिलमध्ये.

जुना_गार्ड

भुसावळचं नाव निघालं म्हणून लिहितो. रेल्वेत ३४ वर्षं गार्ड होतो. भुसावळला मूळचा कोण ते आधी ठरवा! रेल्वेने गाव मोठं केलं. आमच्या क्वार्टरच्या लाइनीत एका बाजूला तेलुगू, पलीकडे बिहारी, समोर अँग्लो-इंडियन म्हातारी, मागे नागपूरचे. माझ्या आईने सांबार शिकून घेतलं, तेलुगू मावशींनी कळण्याची भाकर. गावातले लेवा, गुजर, मारवाडी, मुसलमान वेगळेच. रात्री यार्डात शंटिंगचे इशारे मात्र सगळ्यांचे एकच.

अशा गावात बाहेरचा नगराध्यक्ष झाला तर कोणाला नवल वाटू नये. पण निवडणूक आली की सगळ्यांना अचानक आजोबांचं गाव आठवतं.

कुजकट_कावळा

मास्तरांचा सर्मॅक हा संत होता असं चित्र उभं राहतंय, म्हणून थोडं पाणी ओततो. राजकारणात असतानाच जमीनजुमल्याच्या धंद्यात तो श्रीमंत झाला. नेमणुका, कंत्राटं, आपली माणसं चिकटवणं, हे सगळं केलं. शिकागोची पुढे पन्नास वर्षं चाललेली पक्षाची 'मशीन' म्हणतात, म्हणजे मतं आणि नेमणुका जुळवणारी यंत्रणा, तिचा पाया यानेच घातला. आणि सुरुवात कशावर? दारूवर! रविवारी गुत्ते बंद ठेवायचा कायदा नको म्हणून जर्मन, चेक, पोलिश मंडळांची एक संघटना बांधली, तिचा हा पुढारी. १९२० मध्ये दारूबंदी आली तेव्हा तर याचं फावलंच.

निवृत्त_मास्तर

@कुजकट_कावळा, तुम्ही लिहिलेलं खोटं नाही. मीच पहिल्या लेखात गाळलं होतं, लांबेल म्हणून. पण जरा पुढे बघा. त्या काळी शिकागोत डेमोक्रॅटिक पक्ष आयरिश लोकांच्या मुठीत. बाकीचे, म्हणजे चेक, पोलिश, ज्यू, इटालियन, जर्मन, एकमेकांचं तोंड बघत नसत. जुन्या देशातली भांडणं बरोबर घेऊन आलेली. ते एकाच गोष्टीवर एक झाले: रविवारी सुट्टी, कुटुंबासह बागेत बसून बिअर प्यायची. तो त्यांचा सण होता. वरच्या लोकांना ते पाप वाटायचं. सर्मॅकने ती गाठ ओळखली. 'आपण सगळे बाहेरचे' हे त्याने त्यांना बिअरच्या ग्लासातून दाखवलं. पुढे पक्ष त्याच्या हातात आला तो याच बेरजेवर. आयरिश पुढाऱ्यांनाही त्याने हाकललं नाही, वाटा देऊन बरोबर घेतलं.

मी जन्मात दारू प्यालो नाही, पण ही बेरीज मला शाळेतल्या कुठल्याही बेरजेपेक्षा आवडली.

भरीत_भाकर

म्हणजे खान्देशात हेच भरीत पार्टीवर होऊ शकतं. शेतात वांगी भाजायला काट्या पेटल्या की कोण कुठल्या जातीचा, कुठल्या गावचा, कोणी विचारत नाही. विचारतात एवढंच, तेल कोणी आणलं? मी पक्ष काढतोय. चिन्ह: वांगं.

धुळेकर_भो

@भरीत_भाकर, तुमनाच महापौर व्हई भो. पण धुयानं भरीत येगळं, जयगावनं येगळं. पहिल्याच सभेत पक्ष फुटेल.

मासवाले_मीपण (रॉटरडॅम)

इथलं उदाहरण कोणी दिलं नाही म्हणून. अहमद अबूतालेब, मोरोक्कोत जन्मलेले, गावातल्या इमामाचा मुलगा. पंधराव्या वर्षी, १९७६ मध्ये, नेदरलँड्सला आले. डच येत नव्हतं. पत्रकारिता, मग ॲमस्टरडॅमचे नगरपालिकेतले कारभारी, मंत्रिमंडळात राज्य सचिव, आणि २००९ ते २०२४ रॉटरडॅमचे महापौर. @शंकासुर, पंधरा चालेल का? मिसरूड फुटायच्या बेतात.

पण नेदरलँड्समध्ये महापौर निवडून येत नाही. नगरपरिषद शिफारस करते आणि नेमणूक राजाच्या सहीने. त्यामुळे @कायदेकानून यांच्या तक्त्यात तिसरा प्रकार वाढवा. मला वाटतं निवडणूक असती तर २००९ मध्ये ते झालेच नसते, शहरात बाहेरच्यांविरुद्ध वारं होतं. नेमल्यावर मात्र पंधरा वर्षं टिकले. कडक बोलायचे. २०१५ मध्ये पॅरिसमधल्या हल्ल्यानंतर टीव्हीवर स्वतःच्याच समाजातल्या कट्टरांना म्हणाले, इथलं स्वातंत्र्य पटत नसेल तर बॅगा भरा आणि निघा. निम्म्या लोकांनी डोक्यावर घेतलं, निम्मे म्हणाले, बाहेरून आलेल्यालाच हे सारखं सिद्ध का करावं लागतं?

शंकासुर

पंधरा चालेल. ओड्वायर तर चालेलच. माझा आक्षेप अर्धा मागे घेतो. उरलेला अर्धा असा की महापौर झाला म्हणजे स्वीकारलं असं नाही. अबूतालेबांना सिद्ध करावं लागलं हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं.

हडसनपार

अवांतर, पण राहवत नाही. ममदानीचं एक मोठं वचन म्हणजे बस फुकट. आणि ओड्वायरच्या नावावर काय आहे? १९०४ पासून पाच सेंट असलेलं सबवेचं तिकीट १९४८ मध्ये दहा सेंट केलं! एक परदेशात जन्मलेला भाडं दुप्पट करतो, दुसरा शून्य करतो म्हणतो. अर्थात बस आणि सबवे आता शहराच्या नाहीत, राज्याच्या संस्थेकडे आहेत, त्यामुळे गव्हर्नरच्या दारात जावं लागणार. @कायदेकानून, इथेही 'आयुक्त' आहेच बघा.

प्रतिसादक_००७

मास्तर, सर्मॅकचं पुढे काय झालं ते तुम्ही लिहिलंच नाही. मी शोधलं. गोळी लागून मेला म्हणे??

निवृत्त_मास्तर

होय. ते लिहायला मन होत नव्हतं.

१९३१ म्हणजे महामंदी. शहराची तिजोरी रिकामी. शिक्षकांचे पगार महिनोन्‌महिने थकलेले, पगाराऐवजी चिठ्ठ्या मिळायच्या, त्या बाजारात कमी भावाने वटवायच्या. मी वीस वर्षं एका विनाअनुदानित शाळेत काढली. आठ महिने पगार नाही हे मला पुस्तकात वाचावं लागत नाही. किराणा दुकानदार वही उघडायच्या आधी चेहऱ्याकडे बघतो, ते बघणं माझ्या बायकोला अजून आठवतं.

१९३२ मध्ये अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवताना सर्मॅक रूझवेल्टच्या विरोधी गटात होता. निवडून आला रूझवेल्ट. आता शहराला पैसा हवा तर त्याच्याशी जुळवून घ्यायला हवं. म्हणून फेब्रुवारी १९३३ मध्ये सर्मॅक मायामीला गेला. पंधरा तारखेला रात्री बागेत सभा. रूझवेल्ट गाडीत बसूनच थोडं बोलला, सर्मॅक गाडीजवळ जाऊन भेटला. गर्दीत झंगारा नावाचा एक गवंडी होता, उंची जेमतेम पाच फूट. त्याला काही दिसेना म्हणून तो डगमगणाऱ्या खुर्चीवर चढला आणि रूझवेल्टवर पिस्तूल झाडलं. शेजारच्या बाईने त्याचा हात धरला. पाच जणांना गोळ्या लागल्या, रूझवेल्टला एकही नाही. सर्मॅक ६ मार्चला गेला. रूझवेल्टचा शपथविधी होऊन दोनच दिवस झाले होते.

जुना_गार्ड

झंगारा? इटालियन?

निवृत्त_मास्तर

होय, इटलीहून आलेला. दहा वर्षंही झाली नव्हती. सर्मॅकच्या मृत्यूनंतर चौदा दिवसांत त्याला विजेच्या खुर्चीत बसवलं.

कुजकट_कावळा

काही लोक म्हणतात गोळी मुळात सर्मॅकसाठीच होती. डिसेंबर १९३२ मध्ये त्याच्या पोलिसांनी शिकागोचा कुख्यात गुंड कपोन याच्या टोळीतल्या नित्तीला गोळी घातली होती, त्याचा सूड. मला ते पटत नाही. सुपारी घेणारा डगमगती खुर्ची शोधत बसत नाही. आणि "तुम्हाला न लागता मला लागली हे बरं झालं" असं तो रूझवेल्टला म्हणाला हे थडग्यावर कोरलंय, पण खरंच म्हणाला का यावर वाद आहे. वार्ताहरांनी घडवलेलं वाटतं.

मास्तर, पगाराचं वाचलं. आमची आईही विनाअनुदानितवरच होती.

उगाच_कोणीतरी

कावळा मऊ पडला. तारीख लिहून ठेवा.

केळीचा_खांब

सगळे 'आपला माणूस तिकडे' यावर बोलताय. उलटं कोणी बोलेना. रावेरला माझं केळीचं पॅकिंगचं काम आहे. हंगामात चाळीस माणसं, निम्मी बाहेरची. घड धुणं, फण्या वेगळ्या करणं, खोके भरणं, रात्री दोनला ट्रक लावणं. एक जण बिहारचा, अकरा वर्षं झाली. त्याची पोरगी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली आली, माझ्या पोरापेक्षा चांगलं मराठी लिहिते. परवा ग्रामपंचायतीच्या वेळी तो म्हणाला, वॉर्डातून उभा राहू का? बैठकीत सगळे हसले. मीही हसलो. तो पण हसला, म्हणजे हसण्यावारी नेलं त्याने. घरी आलो तर जेवण जाईना.

हा धागा त्या आठवड्यातच दिसला म्हणून लिहिलं.

सुरतवाली

दादा, तो परत विचारणार नाही. तुम्हालाच विचारावं लागेल.

कायदेकानून

कायद्याने त्याला काहीही अडचण नाही. नाव यादीत आहे का एवढं बघून घ्या. कागदपत्रं लागली तर मला व्यक्तिगत निरोप करा, फी नाही.

भरीत_भाकर

चिन्ह वांगं चालेल का त्याला?

(सॉरी. पण खरंच उभा राहिला तर प्रचाराच्या जेवणाचं भरीत माझ्याकडून.)

व्लटावाकाठी

उशीर झाला, पण मास्तरांचा दुसरा प्रश्न कोणीच घेतला नाही. मी पाचोऱ्याचा, प्रागला नोकरीला. ऑफिसातल्या चेक मित्राला विचारलं. उच्चार 'चेर्माक'. पहिला 'च' आपल्या 'चहा'मधला, 'मा' लांब. इंग्रजीत लिहिताना डोक्यावरची खूण गेली आणि 'च'चा 'स' झाला. क्लाड्नो इथून लोकलने तासाभराच्या आत आहे. कोळसा आणि पोलादाचं गाव, आता बरंच थंडावलेलं. मित्राला म्हटलं, याच्या नावाचा शिकागोत केवढा मोठा रस्ता आहे! त्याने खांदे उडवले. त्याच्या मते महापौर होणाऱ्यापेक्षा ज्याला चांगली बिअर करता येते तो मोठा.

निवृत्त_मास्तर

@व्लटावाकाठी, आभार. चेर्माक. आता झोप लागेल.

काल शनिवार होता. नातवाला घेऊन त्या रस्त्यावर चालत गेलो. त्या बाजूचा जुना चेक मोहल्ला म्हणजे पिल्सेन. चेक लोक केव्हाच उपनगरात गेले, आता बहुतेक मेक्सिकन. इमारतींवर जुनी चेक नावं दगडात कोरलेली आणि खाली दुकानांच्या पाट्या स्पॅनिश. कोपऱ्यावर एक बाई चक्क लोटगाडी घेऊन उभी होती. तीच चार चाकं, वर रंगीत छत्री, पातेल्यात उकडलेली कणसं. कणसाला काडी टोचते, मेयोनीज फासते, वरून चीज आणि लाल तिखट भुरभुरते. आपल्या बसस्टँडवर लिंबू-मीठ लावतात, तेवढाच फरक.

नातवाला थोडं स्पॅनिश येतं, शाळेत शिकवतात. त्याला म्हटलं, विचार तिला, हा चेर्माक कोण होता? त्याने विचारलं. तिला कळेना. मग तो 'सर्मॅक' म्हणाला, गाडीतल्या आवाजासारखं. तेव्हा ती हसली आणि तिखटाच्या चमच्याने समोर दाखवलं.

नातू म्हणाला, "आजोबा, ती म्हणते रस्ता. हाच."

कणसाचे पाच डॉलर घेतले.